कुंथून पोट साफ होत नाही तेव्हा

सकाळी संडासात वीस-पंचवीस मिनिटं बसूनही ‘अजून काहीतरी राहिलंय’ असं वाटत बाहेर येणाऱ्यांसाठी हा लेख आहे. परभणी जिल्ह्यात सेलू-मानवतपासून गंगाखेड-पालमपर्यंत कुठंही ही तक्रार सांगा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: रात्री कोमट पाण्यातून चूर्ण घ्या. त्यानं भागलं नाही की एरंडेल, मग मेडिकलवरच्या गोळ्या, मग एनिमा, आणि मधेच कधीतरी ‘मूळव्याध, भगंदर, फिशर’ अशी पाटी लावलेला दवाखाना. या सगळ्या उपायांमागं एकच गृहीत आहे, की मल कडक झालाय किंवा आतडं सुस्तावलंय. पुष्कळांच्या बाबतीत ते बरोबर असतं. पण जुनाट बद्धकोष्ठाच्या रुग्णांत एक मोठा गट असा आहे की मल वेळेवर खाली पोचतो, कधी कधी तो मऊही असतो, आणि तरी बाहेर पडत नाही, कारण बाहेरची वाट ऐन वेळी उघडत नाही. अशा माणसांत बहुधा जोर कमी पडत नसतो. योग्य क्षणी स्नायू सैल सोडण्याची लकब हरवलेली असते. ती पुन्हा शिकता येते, आणि जोर वाढवत नेला की ती आणखी दुरावते. पुढचं सगळं विवेचन याच एका मुद्द्याभोवती आहे.

आधी रचना समजून घ्यावी लागेल, कारण ती समजली की निम्मा उपचार समजतो. ओटीपोटाची पोकळी खालून बंद करणारा स्नायूंचा एक पडदा असतो. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत तो ताणलेला असतो आणि मूत्राशय, गर्भाशय, मलाशय यांचा भार त्याच्यावर असतो. डॉक्टर त्याला पेल्विक फ्लोअर म्हणतात. या पडद्यातला प्युबोरेक्टॅलिस नावाचा एक पट्टा जघनास्थीपासून निघतो, मलाशयाच्या मागून वळसा घालतो आणि पुन्हा पुढं येऊन चिकटतो. एरवी तो आवळलेला असतो. त्यामुळं मलाशय पुढं ओढलं जातं आणि मलाशय व गुदमार्ग यांच्यात जवळपास काटकोन तयार होतो. दिवसभर आपण चालतो, ओझी उचलतो, खोकतो, तरी काही गळत नाही, त्याचं मोठं श्रेय या कोनाला आहे. त्याच्या खाली गुदद्वाराची दोन कडी असतात. आतलं कडं आपल्या इच्छेवर चालत नाही, मलाशय भरलं की ते आपोआप ढिलं होतं. बाहेरचं कडं मात्र आपल्या ताब्यात असतं. शौचाच्या वेळी प्युबोरेक्टॅलिस आणि बाहेरचं कडं दोन्ही ढिली पडली पाहिजेत, म्हणजे कोन मोकळा होतो आणि सगळा पडदा दोन-तीन सेंटिमीटर खाली उतरतो. त्याच वेळी पोटातला दाब थोडा वाढला पाहिजे. वरून दाब आणि खालून सैलपणा, या दोन गोष्टी एकाच क्षणी जमणं म्हणजे शौचाला साफ होणं. लहानपणी हे आपण न शिकवता शिकतो, म्हणून ते शिकलेलं कौशल्य आहे हे मोठेपणी लक्षात राहत नाही.

बिघाड होतो तो या जुळणीत. काहींमध्ये पोटाचा जोर चांगला लागतो, पण खालचा पट्टा सुटण्याऐवजी उलट आवळला जातो. काहींमध्ये तो आवळत नाही, पण पुरेसा सुटतही नाही. काहींचा पोटाचा दाबच दुबळा असतो, तर काहींमध्ये दोन्हीकडून गडबड असते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या प्रेस्टन आणि लेनर्ड-जोन्स या डॉक्टरांनी 1985 साली या विकाराचं वर्णन केलं आणि त्याला ‘अॅनिस्मस’ म्हटलं. आता त्याला ‘डिससिनर्जिक डेफिकेशन’, म्हणजे ताळमेळ चुकलेलं मलविसर्जन म्हणतात. सोयाबीनच्या पोत्याचं तोंड सुतळीनं करकचून बांधलेलं असताना कुणी वरून पोतं दाबत बसावं, तसं कुंथणाऱ्या माणसाचं होतं. दाबणाऱ्याचे हात दुखतात, पोतं कुठंतरी उसवतं, आणि गाठ मात्र जास्तच घट्ट होते. उसवणं इथं शब्दशः घडतं. वर्षानुवर्षं कुंथल्यानं मूळव्याध वाढते, गुदमार्गाला चिरा पडतात आणि खालचा पडदा वाजवीपेक्षा जास्त खाली लोंबू लागतो. बायकांमध्ये मलाशयाची पुढची भिंत योनीमार्गाकडं फुगते, त्याला रेक्टोसील म्हणतात. अशा बिघडलेल्या रचनेची शस्त्रक्रियेनं दुरुस्ती काही जणांना लागतेही. पण कुंथण्याची सवय कायम राहिली तर दुरुस्तीही फार काळ टिकत नाही.

आपल्याला हाच त्रास आहे का, हे घरी पक्कं ठरवता येत नाही, पण संशय घेण्यासारख्या खुणा आहेत. शौचाची भावना येते, बसलं की काही होत नाही. मल मऊ असूनही बाहेर पडायला जोर लागतो. खाली काहीतरी आडवं आल्यासारखं वाटतं. दिवसातून तीन-चार वेळा जावं लागतं आणि दर वेळी थोडंसंच होतं. यांतली सर्वांत बोलकी खूण लोक सर्वांत जास्त लपवतात: बोट घालून मल काढावा लागणं, किंवा गुदद्वार आणि योनी यांच्यामधल्या जागेवर, नाहीतर योनीच्या आतून मागं दाब दिल्यावरच शौचाला होणं. असं करणाऱ्या बाईला वाटतं की हे आपणच करतो, कुणाला सांगायचं? डॉक्टरांच्या दृष्टीनं मात्र ती निदानाची मोठी खूण आहे, आणि अशा विकारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या रोम निकषांमध्ये तिचा स्पष्ट उल्लेख आहे. ही माहिती दडपून ठेवली तर पुढचं सगळं औषधपाणी अंदाजानं चालतं. कंबरेखालच्या दुखण्यांबद्दलचं मौन किती खोल असतं, हे राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांच्या पाहणीतून 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं. तपासलेल्या 650 स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. ती पाहणी शौचाच्या तक्रारीची नव्हती, आणि गडचिरोली म्हणजे परभणी नव्हे. पण न बोलल्यानं आजार किती मोठ्या प्रमाणात नजरेआड राहतो, याचा महाराष्ट्रातला तो पक्का दाखला आहे.

आता पुराव्याकडं वळू. बद्धकोष्ठावर ‘चोथायुक्त खा’ हा सल्ला इतका सर्वमान्य आहे की तो कुणाला लागू पडतो हे विचारलं जात नाही. जर्मनीत 149 रुग्णांवर झालेला, 1997 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथं उपयोगी आहे. ज्यांच्या तपासण्यांत काही दोष सापडला नाही, अशांपैकी 85 टक्के लोकांना चोथ्यानं बरं वाटलं. ज्यांच्या मलविसर्जनाच्या क्रियेतच बिघाड होता, अशांपैकी 63 टक्के लोकांना त्याचा फायदा झाला नाही. परभणीच्या दृष्टीनं याचा अर्थ मला महत्त्वाचा वाटतो. हा ज्वारीचा मुलूख आहे. ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ अशी ज्वारीची वाणं देणारं कृषी विद्यापीठ इथंच आहे. ज्या घरात दोन्ही वेळा भाकरी, वरण आणि पालेभाजी असते, तिथल्या माणसाचं पोट साफ होत नसेल तर त्याला आणखी चोथा खा म्हणणं हा बहुधा पत्ता चुकलेला सल्ला असतो. उलट वाट बंद असताना वरून चोथा वाढवला तर पोट फुगतं, गॅस होतो. पण म्हणून भाकरी सोडायची नाही. फक्त तिच्याकडून तिच्या आवाक्याबाहेरचं काम मागायचं नाही.

मग काय लागू पडतं? स्नायूंचं प्रशिक्षण. त्याची यंत्राच्या मदतीनं होणारी पद्धत म्हणजे बायोफीडबॅक. गुदमार्गात एक बारीक नळी किंवा संवेदक ठेवतात, पडद्यावर आपला स्नायू आवळतोय की सुटतोय ते दिसतं, आणि ते पाहत पाहत माणूस सोडायला शिकतो. इटलीत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याच विकाराच्या 109 रुग्णांपैकी निम्म्यांना पाच बैठकांचं प्रशिक्षण दिलं, निम्म्यांना पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे रेचक. सहा महिन्यांनी प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी 80 टक्के लोकांत ठळक सुधारणा होती, रेचकवाल्यांत 22 टक्के. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या चाचणीत, प्रशिक्षणानंतर 79 टक्के लोकांचा स्नायूंचा ताळमेळ सुधारला, तर नुसत्या दिखाऊ प्रशिक्षणानंतर 4 टक्के लोकांचा. तिसरी चाचणी मला सर्वांत बोधक वाटते. तिच्यात स्नायू सैल करणारी डायझेपाम ही गोळी विरुद्ध प्रशिक्षण अशी तुलना होती. प्रशिक्षणानं 70 टक्के लोकांना समाधानकारक आराम पडला, गोळीनं 23 टक्के लोकांना, आणि औषध नसलेल्या साध्या गोळीनं 38 टक्के लोकांना. म्हणजे स्नायू औषधानं सरसकट ढिला केल्यानं काम होत नाही, तो ठरावीक क्षणी सोडता आला पाहिजे. या चाचण्या लहान आहेत, प्रशिक्षण देणारे कुशल होते, आणि अशा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2014 सालच्या कॉक्रेन आढाव्यानं एकूण पुरावा कमकुवत असल्याचं म्हटलं आहे, हे खरं. तरीही तीन वेगवेगळ्या तुलनांमधून निकाल एकाच बाजूला झुकतो, आणि या उपायात इजा होण्याचा धोका फारच कमी आहे. त्या मानानं वर्षानुवर्षं जोर लावण्याच्या बाजूनं काय पुरावा आहे, असा प्रश्न उलट विचारायला हवा.

इथं एक आक्षेप हमखास येतो. आपण तर उकिडवं बसतो, हा कमोडवाल्यांचा आजार आहे. आक्षेपात तथ्य आहे. इस्रायलमध्ये 28 स्वयंसेवकांवर झालेल्या आणि 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उकिडवं बसून सरासरी 51 सेकंदांत शौच उरकलं, उंच कमोडवर 130 सेकंद लागली. जपानमध्ये क्ष-किरणांनी पाहिलं तेव्हा उकिडव्या बैठकीत मलाशयाचा कोन जास्त मोकळा दिसला. पण बैठक कोन मोकळा करायला मदत करते, स्नायूला सोडायला लावत नाही. ते काम मेंदूच्या हुकमाचं आहे. म्हणूनच उकिडवं बसणाऱ्या भारतीयांतही हा विकार सापडतो. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतल्या जठरांत्रतज्ज्ञांनी त्यावर बरंच काम केलं आहे. दुसरीकडं, नव्या बांधकामांत भारतीय संडासाच्या जागी कमोड बसवणाऱ्यांनी गुडघेदुखीचं कारण असेल तरच तसं करावं, असं माझं मत आहे, आणि केलंच तर पायाखाली वीतभर उंच पाट ठेवावा.

दुसरा आक्षेप चूर्णाच्या बाजूनं येतो. चूर्ण घेतलं की होतं ना, मग स्नायूंचं कशाला काढता? होतं, कारण बहुतेक चूर्णांतली सोनामुखी मल पातळ करते आणि पातळ मल अर्ध्या उघड्या वाटेतूनही निसटतो. चूर्णामुळं आतडं कायमचं निकामी होतं या भीतीला मात्र भक्कम आधार नाही, तेव्हा घाबरून ते एकदम तोडायची गरज नाही. तक्रार एवढीच की चूर्ण मूळ बिघाडाला हात लावत नाही, मात्रा वाढत जाते, आणि पातळ मल नकळत कपड्याला लागणं ही नवी भानगड सुरू होते. आयुर्वेदाचा हवाला देणाऱ्यांनी वाग्भटाचं ‘अष्टांगहृदय’ पुन्हा उघडून पाहावं. त्यात आलेला वेग रोखून धरणं जेवढं रोगाचं कारण मानलंय, तेवढंच न आलेला वेग जबरदस्तीनं काढणंही. पहिली निम्मी शिकवण सगळ्यांना पाठ असते, दुसरी कुणी सांगत नाही.

रोखून धरण्याचा मुद्दा आलाच आहे तर तो नीट पाहू, कारण या बिघाडाची सुरुवात पुष्कळदा तिथंच होते. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 12 निरोगी पुरुषांना आठवडाभर शौच शक्य तेवढं टाळायला सांगितलं, आणि तेवढ्यानंच त्यांच्या आतड्यातून मल पुढं सरकण्याचा वेग मंदावला. आता कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी आठला शेतात पोचलेल्या बाईचा विचार करा. दिवसभर आडोसा नाही, पाणी नाही, म्हणून ती पाणीही कमी पिते. घरी संडास नसण्याच्या काळात बायकांना पहाटेच्या किंवा रात्रीच्या अंधाराची वाट पाहावी लागे. स्वच्छ भारत अभियानात संडास बांधले गेले, पण शेतात, बाजारात, एसटी स्टँडवर आणि कित्येक शाळांत अडचण तशीच आहे. आवळून धरणं हाच खालच्या स्नायूंचा रोजचा सराव झाला, तर संध्याकाळी घरी निवांत बसल्यावर ते एकाएकी सुटावेत ही अपेक्षाच चुकीची. मुलांमध्येही एकदा खडा होऊन दुखलं की मूल पाय आवळून धरायला शिकतं. त्याला रागावून, कोंडून काही साधत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही महिने मल मऊ ठेवणं आणि जेवणानंतर पाच मिनिटं शांतपणे बसवणं, हे मुलांसाठी पहिलं काम. गुदमार्गाची चीर असलेल्या मोठ्या माणसाचंही तसंच आहे. दुखण्याच्या भीतीनं आवळणारा स्नायू समजावून सुटत नाही, आधी चिरेवर उपचार झाले पाहिजेत. आणि बाळंतपणात ताणले-फाटलेले स्नायू हा वेगळाच विषय आहे. तिथं आवळणं आणि सोडणं दोन्ही बिघडलेलं असू शकतं.

यातूनच आणखी एक घोळ होतो. ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम म्हटलं की लोकांना आवळण्याचे व्यायाम आठवतात. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी 1948 साली ते मांडले, तेही बाळंतपणानंतर लघवी गळण्यावर. योगवर्गात शिकवली जाणारी अश्विनी मुद्रा आणि मूलबंध याही आवळण्याच्याच क्रिया आहेत. लघवी गळत असेल तर आवळण्याच्या व्यायामाचा उपयोग होतो. पण ज्याचा स्नायू सुटतच नाही, त्यानं दिवसातून शंभर वेळा आवळत बसणं म्हणजे आधीच पाठ असलेल्या चुकीची उजळणी. अश्विनी मुद्रा करायचीच असेल तर तिचा दुसरा अर्धा भाग, पूर्ण सोडण्याचा, दुप्पट वेळ घेऊन करावा. त्यातून आवळलेलं आणि सुटलेलं यांतला फरक कळतो, आणि प्रशिक्षणाची सुरुवात तिथूनच होते.

घरच्या घरी ती अशी करावी. खुर्चीवर टॉवेलची वळकटी ठेवून त्यावर बसा, म्हणजे खालच्या जागेची जाणीव होते. गॅस रोखून धरताना आवळतो तसं गुदद्वार दोन-तीन सेकंद हलकं आवळा, मग सोडा, आणि सोडल्यावर वळकटीवर भार किंचित पसरतो का ते बघा. आता एक हात बेंबीवर ठेवून नाकानं सावकाश श्वास घ्या, पोट पुढं येऊ द्या. श्वास आत जाताना खालचा पडदाही हलकेच खाली उतरतो. ही हालचाल जाणवायला काहींना दोन दिवस लागतात, काहींना तीन आठवडे. ती जाणवू लागली की पुढची पायरी: कंबर सगळ्या बाजूंनी रुंद होतेय असं मनात आणत पोट फुगवा, फुगवलेलं तसंच ठेवा आणि तोंडानं ‘स्स्स’ करत हवा हळूहळू सोडा. दात आवळलेले नकोत, जबडा सैल हवा. श्वास कोंडून, चेहरा लाल करून जोर लावला की तळाचे स्नायू प्रतिसाद म्हणून आवळतात. तोंडानं हवा जात असेल तर तसं होण्याची शक्यता कमी. हा सराव दिवसातून दोन वेळा, पाच-सात मिनिटं पुरे. संडासात गेल्यावर काही नवीन करायचं नाही, हेच करायचं.

संडासात जायची वेळही निवडायला हवी. सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्या-प्यायल्यावर अर्ध्या तासात मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, ती संधी साधावी. भावना आली की दळण, डबे, फोन, सगळं बाजूला. बसणं जास्तीत जास्त दहा मिनिटं. मोबाइल बाहेर ठेवावा, कारण त्याच्या नादात माणूस अर्धा तास बसतो आणि तेवढा वेळ खालच्या शिरांवर ताण राहतो. दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं, पुढच्या जेवणानंतर पुन्हा जायचं. ‘राहिलंय’ या भावनेमागं धावू नये. फुगलेल्या मूळव्याधीमुळं किंवा सुजलेल्या मलाशयामुळं ती रिकाम्या मलाशयातही येते. कमोडवर बसत असाल तर पाय पाटावर, गुडघे कंबरेपेक्षा वर, कोपरं मांड्यांवर टेकवून थोडं पुढं झुकलेलं. मल कडक असेल तर सरावाच्या काळात तो मऊ ठेवलाच पाहिजे, कारण दगडावर कुणाचंच कौशल्य चालत नाही. इसबगोल एक चमचा भरपूर पाण्यात मिसळून लगेच प्यावं, त्यानं पोट फुगत असेल तर डॉक्टरांना विचारून पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्टुलोज. परभणीच्या एप्रिल-मेमधल्या उन्हात शेतात काम करणाऱ्यानं पाण्याची कसर ठेवली तर यातलं काहीच लागू पडणार नाही. हे सगळं किमान तीन महिने केल्याशिवाय फायदा-तोटा ठरवू नये.

आता सर्वांत व्यावहारिक आक्षेप: असल्या तपासण्या आणि असले प्रशिक्षक परभणीत कुठून आणायचे? गुदमार्गाच्या दाबाची मोजणी, म्हणजे मॅनोमेट्री, मोठ्या शहरांतल्या निवडक केंद्रांतच होते, हे मान्य. पण पहिली तपासणी यंत्राविना होते. डॉक्टर हातमोजा घालून बोटानं तपासतात, आधी आवळायला आणि मग शौचाला जोर लावतो तसं करायला सांगतात. जोर लावताना स्नायू बोटाला आवळतो की सोडतो, हे तिथंच कळतं. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या विकाराच्या चार रुग्णांपैकी तीन रुग्ण नुसत्या बोटाच्या तपासणीतून ओळखता आले. अडचण अशी की गर्दीच्या ओपीडीत ही तपासणी टाळली जाते, रुग्णही संकोचतो. म्हणून रुग्णानंच म्हणावं, ‘डॉक्टर, जोर लावताना खालचा स्नायू सुटतो का, ते बोटानं तपासून बघाल का?’ परभणीचं जिल्हा रुग्णालय किंवा तालुक्याचं उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालय इथंही हे विचारता येतं. स्त्रियांना स्त्री डॉक्टर हव्या असतील तर तसं सांगण्यात काही गैर नाही. पुढची साधी चाचणी म्हणजे मलाशयात 50 मिलिलिटर पाण्याचा छोटा फुगा ठेवून तो बाहेर टाकायला सांगणं. साधारण मिनिटभरात तो पडायला हवा. मात्र एकाच चाचणीवर निदानाचा शिक्का मारून घेऊ नका. अनोळखी खोलीत, कुशीवर झोपून, लाजत जोर लावताना पुष्कळ निरोगी लोकांचेही स्नायू आवळतात. म्हणून रोम निकषांत दोन वेगवेगळ्या चाचण्यांत दोष दिसावा अशी अट आहे.

मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेचा निर्णय या तपासणीनंतर घ्यावा. मूळव्याध खरी असेल आणि रक्त जात असेल तर शस्त्रक्रिया लागू शकते, पण ‘पोट साफ होत नाही’ ही तक्रार मूळव्याध कापून जात नाही. ‘एका इंजेक्शनात मुळापासून बरी’ अशा पाटीखाली तर मुळीच जाऊ नये. चालू औषधांची यादी दाखवावी: लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, रक्तदाबाची काही औषधं बद्धकोष्ठ करतात. पण लोहाच्या गोळ्या गरोदर बाईनं परस्पर बंद करू नयेत, गोळी बदलून मागावी. थायरॉइड आणि साखर तपासून घ्यावी.

काही लक्षणं असतील तर सराव वगैरे बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावेत. शौचावाटे रक्त किंवा काळा डांबरासारखा मल, कारण नसताना घटणारं वजन, रक्त कमी होणं, पंचेचाळिशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक झालेला बदल, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग. पोट फुगून उलट्या होत असतील आणि गॅसही सरत नसेल, किंवा मांड्यांच्या आतली आणि गुदद्वाराभोवतीची जागा बधीर होऊन लघवी अडली, पाय लुळे वाटू लागले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, 108 वर फोन करून रुग्णालयात जावं. या खुणा नसतील आणि तीन महिन्यांच्या नेटाच्या सरावानंतरही फरक पडला नसेल, तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन मॅनोमेट्री आणि बायोफीडबॅकसाठी कुठं पाठवता येईल ते विचारावं, आणि निघण्याआधी त्या केंद्रात फोन करून ती सोय कोणत्या वारी असते याची खात्री करून घ्यावी. सोबत दोन आठवड्यांची नोंद न्यावी: किती वेळा गेलो, किती वेळ बसलो, मल कसा होता, हाताची मदत लागली का. ही शेवटची नोंद लिहायला सर्वांत अवघड जाते, पण डॉक्टरांना नेमकी तीच हवी असते.